ओझे आणि जू

पंचवटी ही मुळातच तात्पुरत्या निवासाची भूमी आहे. वनवासी राम, लक्ष्मण आणि सीता यांची पर्णकुटी येथे उभी राहिली ती कायमच्या वस्तीसाठी नव्हे, असे आपली परंपरा सांगते. पुढे दर बारा वर्षांनी तपोवनात साधूंच्या राहुट्या पडू लागल्या आणि दर पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस निघालेल्या दिंड्या वाटेत येथे एखादी रात्र विसावू लागल्या. आल्यागेल्याला चार दिवसांचे छप्पर देणे हा या गावाचा जणू धर्मच झाला. मात्र अलीकडच्या काही दशकांत या छपराला चाके लागली आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय ती चाके हा आहे.

पौष वद्य एकादशीच्या आधी दोन-तीन दिवस दिंडीमागून येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली वाचकांनी एकदा थांबून पाहावी. लोखंडी नळ्यांच्या कमानी, त्यांवर ताणून बांधलेली ताडपत्री, आत धान्याची पोती, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, पन्नास माणसांच्या वळकट्या आणि त्या वळकट्यांवर बसलेली, पायी चालणे न झेपणारी म्हातारी माणसे व पोरे. रात्री याच ट्रॉलीच्या आडोशाला चूल पेटते आणि तिच्याच खाली अंथरुणे पडतात. युरोप-अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून नेण्याच्या ज्या फिरत्या घराला कॅम्पिंग ट्रेलर म्हणतात, त्याचा हा अस्सल मराठी अवतार होय. फरक इतकाच, की तिकडे ते घर मुक्कामासाठीच बांधलेले असते आणि इकडे तीच ट्रॉली चार दिवसांपूर्वी दिंडोरी रस्त्यावरील बाजार समितीच्या आवारात भाजीपाला किंवा कांदा उतरवून आलेली असते.

आता याच्या जोडीला दुसरा प्रकारही येऊ घातला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यानंतर सुखवस्तू मध्यमवर्गात फिरत्या घराचे आकर्षण वाढले असून, छोट्या कारखान्यांतून मोटारीमागे जोडण्याचे ट्रेलर बनवून घेण्याची हौसही दिसू लागली आहे. दिंडीची ट्रॉली आणि हौशी कुटुंबाचा ट्रेलर यांत पैशाचे अंतर मोठे असेल. पण दोहोंपुढचा प्रश्न एकच आहे. जे मागे जोडायचे, ते पुढच्या वाहनाला पेलणारे आहे काय, आणि ते नीट बांधलेले आहे काय? हा प्रश्न आपण विचारीत नाही. विचारला तर ‘इंजिनात दम आहे’ एवढ्या उत्तरावर आपले समाधान होते. ते उत्तर अपुरे आहे, किंबहुना ते दिशाभूल करणारे आहे, असे आमचे मत आहे.

उलाळ गाडीचा धडा

वस्तुतः हे शास्त्र आपल्याला परके नाही. बैलगाडी हाकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते ठाऊक होते. दोन चाकांच्या गाडीत ओझे मागे गेले की गाडी उलळते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. ओझे फार पुढे आले तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि चढावर ते बसकण मारतात. म्हणून गाडी भरताना जाणता माणूस पोती आखाच्या दोन्ही बाजूंना अशी रचीत असे, की जुवावर थोडासाच, पण निश्चित दाब राहावा. नाशिकच्या टांगेवाल्यांनाही हे उमगलेले होते. आमच्या लहानपणी पंचवटीकडे येताना एखादे भारदस्त गिऱ्हाईक मागे बसले, की टांगेवाला मोठ्या अदबीने त्याला पुढे सरकावयास सांगे. त्यात आदर होताच, पण त्याहून अधिक गुरुत्वमध्याची जाण होती.

ट्रेलरचे शास्त्र म्हणजे या उलाळ गाडीचाच विस्तार आहे. एका आखाच्या ट्रेलरमध्ये सामान मागच्या बाजूस गेले की पुढच्या जोडावरचा दाब नाहीसा होतो. मग वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो. हे हेलकावे एका मर्यादेपलीकडे गेले, की ते चालकाच्या हातात राहत नाहीत; ट्रेलरच मोटारीला फिरवतो. हे टाळण्यासाठी भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा ठरावीक हिस्सा जोडावर यावा असा संकेत आहे. ब्रिटनमध्ये तो पाच ते सात टक्के मानतात, तर अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के. म्हणजे एक हजार किलोचा ट्रेलर असेल, तर जोडावर ब्रिटिश हिशेबाने पन्नास ते सत्तर किलो, अमेरिकन हिशेबाने शंभर ते दीडशे किलो दाब हवा. आकडे निराळे असले तरी तत्त्व एकच: भार पुढे हवा, पण बेताचा. तो प्रमाणाबाहेर गेला तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूची पकड सैल पडते. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर चढावर पुढची चाके जमीन सोडू लागतात.

ओढणे निराळे, थांबवणे निराळे

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. आपण वाहन निवडतो ते त्याच्या ओढण्याच्या शक्तीवर. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, मोटार किती इंजिनाची, हेच आपण विचारतो. परंतु ओढण्याची शक्ती आणि थांबवण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन सुमारे दोन टन असते. हा ट्रॅक्टर ऊस हंगामात आठ-दहा टनांची एक, आणि पुष्कळदा तशाच दोन ट्रॉल्या ओढतो. सपाट रस्त्यावर तो त्या ओढीलही. पण उतारावर काय? आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या दोनच चाकांना असतात आणि साध्या ट्रॉल्यांना पुष्कळदा ब्रेक नसतातच. म्हणजे उतारावर दहा टनांचे ओझे दोन टनांच्या यंत्राला मागून ढकलत असते. वळणावर हा धक्का तिरपा बसला, की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखी मिटतात.

शिक्षक वाचकांना येथे गतिज ऊर्जेचे सूत्र आठवेल. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी चाळीस किलोमीटरचा वेग साठ झाला, तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. आणि नाशिककडे येणाऱ्या वाटा तर पाहा. मुंबईकडून कसारा घाट, चांदवडकडून राहुड घाट, पुण्याकडून चंदनापुरीचा घाट, पेठकडून सावळ घाट. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून वाहन मोकळे सोडण्याची जी सवय आपल्या चालकांत आहे, ती ट्रेलर जोडलेला असताना आत्मघातकी ठरते. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची पायपाती शेतात वळण्यासाठी वेगवेगळी ठेवलेली असतात. रस्त्यावर ती खिळीने एकत्र जोडावी लागतात. ती जोडलेली नसतील, तर घाईत एकावरच पाय पडतो आणि एकच चाक आवळले जाऊन ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो. ही खिळी लावलेली आहे की नाही हे पाहण्यास क्षणभरही लागत नाही. पण तो क्षण आपण देत नाही.

तेव्हा निवडीचा पहिला नियम असा: मागचे ओझे पुढच्या वाहनाच्या वजनावरून ठरवावे, इंजिनावरून नव्हे. ब्रिटनमध्ये नवशिक्या चालकांना असा सल्ला देतात, की भरलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या मोकळ्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे. बाराशे किलोच्या मोटारीस ही मर्यादा १,०२० किलोची होते. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. ट्रेलर पुढच्या वाहनावर रेटू लागला की त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागावेत, अशी साधी योजना तेथे पुष्कळ वर्षांपासून रूढ आहे. आपल्या घाटांना तर तिची गरज अधिकच आहे. ज्या मोटारीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेलीच नाही, ती मोटार ओढण्यासाठी बनवलेली नाही, असेच सरळ समजावे. विक्रेत्याच्या ‘काही होत नाही साहेब’ या आश्वासनाला येथे किंमत नाही.

सांगाडा कसा पाहावा

दुसरा नियम बांधणीचा. ट्रेलर घेताना आपण आतला पलंग, ओटा, रंग आणि पडदे पाहतो. पाहावयाचे असते ते खाली वाकून. सांगाड्याचे मुख्य चॅनेल अखंड आहेत की तुकडे जोडून केलेले? वेल्डिंगची रेघ सलग आहे की ठिकठिकाणी नुसते ठिपके दिले आहेत? जोडाचा दांडा सांगाड्याच्या पुढच्या आडव्या पट्टीला चिकटवला आहे की आत खोलवर नेऊन पक्का केला आहे? कमानीचे पाटे दोन्ही बाजूंना सारखे आहेत काय? टायर त्या वजनाचे आहेत की कुठल्या तरी जुन्या वाहनाचे उतरवलेले? मागचे दिवे पुढच्या वाहनाच्या दिव्यांबरोबर लागतात काय? मुख्य जोड निखळला तरी ट्रेलर सुटू नये म्हणून दोन साखळ्या आहेत काय? उभ्या ट्रेलरसाठी हातब्रेक आणि चाकाखाली ठेवण्याच्या पाचरी आहेत काय? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पाहण्यास अभियंता लागत नाही. डोळे आणि थोडा वेळ लागतो.

मागील हिवाळ्यात बाजार समितीच्या बाहेर एका ट्रॉलीकडे आमचे लक्ष गेले. ट्रॅक्टर चकचकीत, नवा, फुलांच्या माळा घातलेला होता. ट्रॉलीवर ताडपत्रीचे छप्पर चढवले जात होते आणि दुसऱ्या दिवशी ती दिंडीबरोबर निघणार होती. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी मूळ पिन मात्र हरवलेली होती. तिच्या जागी बांधकामाच्या सळईचा एक तुकडा वाकवून घातलेला होता. ‘दोन वर्षे झाली, काही झाले नाही,’ असे मालकाने हसून सांगितले. तो माणूस बेफिकीर नव्हता. त्याने पोरांसाठी ट्रॉलीत गाद्या घातल्या होत्या, म्हाताऱ्यांसाठी धरावयास दोर बांधला होता. पण लाखो रुपयांचे यंत्र आणि पंचवीस जीव यांच्यामधला दुवा त्याने एका सळईवर सोपवला होता. आमच्या समाजाची ही प्रातिनिधिक वृत्ती आहे: जे दिसते त्याची काळजी, जे जोडते त्याची हेळसांड.

अखेर वजनाचा प्रश्न. तो अंदाजावर सोडू नये. भुईकाटे गावोगाव आहेत. वाहन एकटे, मग वाहन व भरलेला ट्रेलर मिळून, आणि शेवटी ट्रेलरची चाके तेवढी काट्यावर ठेवून, अशी तीन वजने घेतली की सगळा हिशेब कागदावर मांडता येतो. पहिल्या दोहोंतील फरक म्हणजे ट्रेलरचे एकूण वजन. त्यातून तिसरे वजा केले, की जोडावर पडणारा दाब मिळतो. शाळेतील गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण कोणते असेल?

कायदा आणि माणसे

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हे नोंदणीचे वाहन आहे. ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड आहे. मालवाहू ट्रॉली ही माणसे नेण्यासाठी नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला, की मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर कायद्याने येत नाही. दिंडीच्या ट्रॉलीत बसलेल्या आजीबाईंना याची कल्पना असते काय? त्यांच्या घरच्यांना ती अपघातानंतरच येते.

अपघात तर होतच आहेत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूर जिल्ह्यातील घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटून सव्वीस जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात स्त्रिया बुडाल्या. त्या हौसेने ट्रॉलीत बसल्या नव्हत्या. कामावर जाण्यास दुसरे वाहनच नव्हते. म्हणूनच नुसता दंड वाढवा, ट्रॉल्या जप्त करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. गरिबाचे एकमेव वाहन हिसकावून घेऊन रस्ते सुरक्षित होत नसतात. त्याला पर्याय दिला पाहिजे आणि जे आहे ते निर्धोक करण्यास हात दिला पाहिजे.

‘आजवर काही झाले नाही’ हा युक्तिवाद मात्र सोडलाच पाहिजे. आजवर काही झाले नाही याचा अर्थ व्यवस्था चांगली आहे असा नव्हे. योगायोग चांगला होता, एवढाच. परंपरेचा हवालाही येथे लागू पडत नाही. वारीची परंपरा पायी चालण्याची आहे, बिनब्रेकच्या ट्रॉलीत बसण्याची नव्हे. राहता राहिला खर्चाचा मुद्दा. पक्की पिन, दोन साखळ्या, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या यांचा एकत्रित खर्च ट्रॉलीवर चढवलेल्या ध्वनिक्षेपकाहून अधिक येत नाही. ध्वनिक्षेपकास पैसा मिळतो आणि साखळीस मिळत नाही, तेव्हा अडचण पैशाची नसते.

सिंहस्थापूर्वी

या सर्वांचा संबंध पंचवटीशी विशेष आहे. शासनाने जाहीर केलेल्या कार्यक्रमात नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी, आणि मुख्य अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नेमलेली आहेत. म्हणजे ऐन पावसाळ्यात, ओल्या रस्त्यांवरून, घाट उतरून, छप्पर बांधलेल्या ट्रॉल्या आणि हौशी ट्रेलर यांचा ओघ या गावाकडे येणार हे गृहीत धरले पाहिजे. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच पंचवटीत, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवरील चेंगराचेंगरीत एकोणचाळीस भाविकांचे प्राण गेले. त्यातून प्रशासन शिकले. २०१५ च्या सिंहस्थात खासगी वाहने शहराबाहेरील वाहनतळांवर थांबवून पुढे एसटीच्या गाड्यांनी भाविकांना आणले गेले आणि ते पर्व निर्विघ्न पार पडले. गर्दीच्या नियोजनाचा धडा आपण गिरवला. ओझ्याच्या नियोजनाचा गिरवायचा राहिला आहे.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. बाहेरच्या प्रत्येक वाहनतळावर एक कारागीर, पिना-साखळ्यांचा साठा आणि परावर्तक पट्ट्या ठेवाव्यात. दोष आढळला तर दंडाची पावती फाडण्याआधी तो तेथेच दुरुस्त करून द्यावा. दिंड्यांसाठी ‘माणसे एसटीत, सामान ट्रॉलीत’ हा नियम करावा. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात आहे. तेव्हा दिंडीच्या मार्गावर जादा गाड्या सोडल्या, तर हा नियम पाळणे कोणास जड जाऊ नये. ट्रॉल्या बनवणाऱ्या गावोगावच्या कारागिरांना तंत्रनिकेतनांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मानक बांधणीचे अल्पमुदतीचे शिक्षण द्यावे आणि प्रत्येक ट्रॉलीवर तिचे मोकळे वजन, भरण्याची मर्यादा व बनवणाऱ्याचे नाव कोरलेली पट्टी असावी. ज्याचे नाव पट्टीवर कोरले जाते, त्याच्या हातचे वेल्डिंग आपोआप सलग होते.

आणि ज्यांना फिरत्या घराची हौस आहे, त्या आमच्या मध्यमवर्गीय बंधुभगिनींना एवढेच सांगावयाचे, की आधी आपली मोटार किती थांबवू शकते ते पाहा. मग तिच्या मापाचा, ब्रेकचा, पक्क्या सांगाड्याचा लहान ट्रेलर घ्या. मोठे घर हवेच असेल तर मोटार बदला, नाहीतर हौस आवरा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण ज्या समाजात जन्मली, त्याला हे अवघड वाटू नये.

बैलगाडीच्या काळात बैलाची मान सोलली गेली की धन्याला ओझ्याची चूक कळे, कारण मुका असला तरी बैल बसकण मारून दाद मागत असे. यंत्र दाद मागत नाही. ते शेवटच्या उतारापर्यंत निमूटपणे ओढत राहते. म्हणून बैलाने जे सांगितले असते, ते आता माणसाने निघण्यापूर्वी स्वतःला विचारले पाहिजे: हे ओझे या जुवाला पेलेल काय? उत्तर मिळेपर्यंत गाडी जागची हलवू नये.